आरशाला कड

मंगळवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास मालिनी स्वतःच्याच घरातल्या बाथरूमच्या दारात अंग चोरून बाजूला झाली आणि म्हणाली, ‘‘हो हो, व्हा तुम्ही आधी. मला काही घाई नाही.’’ समोर एक बाई उभी होती. खांद्यावर टॉवेल, धुऊन धुऊन रंग गेलेला गाऊन, अर्धवट सुटलेला अंबाडा, चेहरा चांगला पाहण्यातला पण नाव ओठावर न येणारा. पोस्टाच्या खिडकीमागे बसून चौतीस वर्षं असले चेहरे तिनं रोज पाहिले होते, आणि नाव आठवलं नाही तरी हसून ‘बोला’ म्हणायची जिभेला सवय होती. ती बाईही मोठी सज्जन, तितक्याच अगत्यानं तीही बाजूला सरली. दोघी एकमेकींना वाट देत उभ्या. आणि मग त्या बाईच्या पाठीमागे, बाल्कनीतल्या उन्हात, दोरीवर भास्करचा निळ्या रेघांचा लेंगा वाळत घातलेला दिसला. या बाईच्या घरी आमच्या ह्यांचा लेंगा कसा, असा प्रश्न मालिनीला पडला. अगदी खरोखर पडला. आणि मग तिच्या काळजात धस्स झालं.

आता यात एवढं काय, असं कोणीही म्हणेल. आरसा बसून जेमतेम चार दिवस झाले होते. नोकरी संपली तशी मालिनीनं आधी बाथरूम काढायला घेतली होती, वीस वर्षांच्या फुटक्या लाद्या एकदाच्या काढून टाकल्या, आणि लादीवाल्यानंच तो मोठा आरसा सुचवला. बेसिनच्या वर, थेट लाद्यांवरच चिकटवलेला, चोवीस बाय छत्तीसचा, कड नाही, पट्टी नाही, काही नाही. ‘‘मॅडम, आता सगळीकडे असाच घालतात,’’ तो म्हणाला होता. आधीचा आरसा गुलाबी प्लॅस्टिकच्या कडेचा, तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच गाल दिसायचा आणि मालिनीला सकाळच्या घाईत तेवढा पुरायचा. भास्कर मात्र नव्या आरशावर बेहद्द खूश. तो हायस्कुलात संस्कृत शिकवून सात वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, आयुष्यभर खिळा मारायचा म्हटलं तरी पंचांग बघणारा माणूस. आता दाढीला पाऊण तास लावत होता आणि फेसातून सुभाषितं म्हणत होता. त्याला त्या आरशात नेहमी भास्करच दिसत होता. मालिनीनं मात्र त्यात दुसरीच बाई पाहिली, तिच्याशी बोलली, आणि वर तिला वाटही दिली.

तिनं दार लावून घेतलं, नळ सोडला आणि मनातल्या मनात घोकायला सुरुवात केली. लांजा, राजापूर, देवरुख. दापोलीकडून धरलं तर हर्णे, आंजर्ले, केळशी. जिल्ह्यातली एकूण एक पोस्टं, पिनकोडासकट, खाडीच्या अलीकडची आणि पलीकडची. सगळी आली. डॉक्टर आईला करायला लावायचे तसं शंभरातून सात सात वजा करत दोनपर्यंत उतरली, एकदाही अडखळली नाही. तरी छातीतली धडधड काही थांबेना, कारण आईलाही सगळं येत होतं. सुरुवातीला. केळशीला भावाच्या घरी आई असायची. अख्ख्या गावाच्या चोळ्या-परकर शिवलेली बाई, कोणाच्या दंडाचा घेर किती तो तोंडपाठ. आणि तिचं सुरू झालं ते आरशापासूनच. माजघरातल्या आरशापुढे उभी राहून एक दिवस ती कोणाशीतरी बोलत होती, आणि भावानं फोन करून सांगितलं होतं, ‘‘अगो मालू, आई आरशातल्या बाईशी गप्पा मारते.’’ तेव्हा फोनवर दोघं हसली होती. पुढे तीन वर्षांत आई भावाचं नाव विसरली, मग मालिनीचं, मग स्वतःचं. हे सुरू झालं तेव्हा आईचं वय होतं एकसष्ट. मालिनीला साठावं सरून आठ महिने झाले होते. शंभरातून कितीही सात काढले तरी ही वजाबाकी तिला चुकवता येईना.

भास्करला सांगायचं नाही, हे तिनं अंगावर पहिला तांब्या ओतण्याआधी ठरवलं. सांगितलं असतं तर तो आधी हसला असता, मग गप्प झाला असता, मग दुपारी कपाटातून पुस्तक काढून ‘स्मृती’ या शब्दावर बसला असता, आणि रात्रीपर्यंत पुण्याच्या मुलीला, अवनीला, फोन गेला असता. मग डॉक्टर, मग गोळ्या, मग मालिनी स्वयंपाकघरात गेली की गॅस बंद केला का म्हणून मागोमाग येणारी पावलं. ती पावलं तिला माहीत होती. आईच्या मागे तीच चालली होती. नको ग बाई. आधी आपल्यापुरतं बघू, असं म्हणून ती चार तांबे भराभर अंगावर घेऊन बाहेर आली, आणि डोकं पुसता पुसता तिला वाटलं, चूक माझी कशावरून? आरशाला कडच नाही. जिथं भिंत संपली आणि काच लागली तिथं काही खूण नको का? दाराला चौकट असते, फोटोला चौकट असते, पोस्टाच्या खिडकीलासुद्धा होती. खिडकीच्या आत मी, बाहेर जग. चौतीस वर्षांत एकदा तरी घोटाळा झाला? आरशाला लाकडाची पट्टी मारली की झालं. आणि ती मी मारणार. सुतार नको, भास्कर तर नकोच नको. चार पट्ट्या मोजायच्या, पंचेचाळीस अंशांत तिरप्या कापायच्या, चारही कोपरे एकमेकांना असे भेटले पाहिजेत की मधून केस जाऊ नये. हे ज्या बाईला जमलं तिचं डोकं ठिकाणावर आहे. नाही जमलं तर मग डॉक्टर. तिनं स्वतःशीच पैज लावली, आणि लावल्याबरोबर तिला विलक्षण भूक लागली.

वखारीत तिला रघू भेटला. रघू हर्णेचा, होड्या बांधणारा सुतार, कामासाठी रत्नागिरीच्या बंदरावर येऊन राहिलेला. त्याचे फॉर्म मालिनीनं इतकी वर्षं भरून दिले होते की त्याच्या सगळ्या मुलींच्या जन्मतारखा तिला पाठ होत्या. (त्या तिनं वखारीच्या दारातच म्हणून पाहिल्या. आल्या.) ती सागवानापाशी घुटमळताना पाहून तो लांबूनच ओरडला, ‘‘बाय, सागवान कशाला? फणस घ्या फणस. फणस पाण्याला भीत नाय.’’ मग त्यानं स्वतः फळी निवडली, दोन इंची पट्ट्या काढवून घेतल्या, मागच्या बाजूनं काचेच्या जाडीची खाच पाडून घेतली. ‘‘आणि कोपऱ्याला लावायचा तो... तो काटकोनी...’’ मालिनी अडली. हात हवेत काटकोन करून उभी राहिली, शब्द येईना, आणि पुन्हा तीच धडधड. आलं. आलंच की आईचं दुखणं. ‘‘गुण्या,’’ रघू म्हणाला. ‘‘तुम्हाला कुठनं म्हायती असणार? त्यो आमचा शब्द.’’ मालिनीनं तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. जो कधी ठाऊकच नव्हता तो विसरणार कसा! तिला इतका आनंद झाला की ती वखारीच्या भुशातच चार पावलं उगाच चालली. गुण्या, गुण्या, असं घोळवत. रघूनं आपली छोटी करवत दिली, कोन कापायचा लाकडी साचा दिला, करवत कशी धरायची ते दाखवलं (‘‘दाबू नका. ती आपली जाते, आपण नुस्तं तिच्यासंगती जायचं’’), आणि निघताना सांगितलं, ‘‘वरनं माशाचं तेल लावा. होडीला आमी तेच लावताव. शंभर वर्सं बघायला नको.’’

‘‘माशाचं तेल?’’ घरी भास्करनं हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. ‘‘आणि मग अंघोळ करून बाहेर आलेल्या माणसानं पुन्हा अंघोळ कुठं करायची?’’ ‘‘लावणार नाहीये मी.’’ ‘‘नाही, लाव हो. शेजारच्या सगळ्या मांजरांचं तोंडसुद्धा बघता येईल आरशात.’’ मग त्यानं त्या चार पिवळ्याधमक पट्ट्यांकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. ‘‘आणि हे कोण कापणार?’’ ‘‘मी.’’ ‘‘तू?’’ ‘‘का? बोटं सगळी आहेत अजून.’’ ‘‘तेच म्हणतो,’’ भास्कर म्हणाला, ‘‘आहेत तोवर मोजून ठेव.’’ असं म्हणून तो पुन्हा वर्तमानपत्रात गेला, पण पान काही उलटेना. मालिनीला ते दिसलं आणि मनातून बरंही वाटलं.

तिनं शिवणाच्या डब्यातली टेप काढली. घरात मापाची वस्तू तेवढीच. बेसिनपाशी स्टूल ठेवून, आरशातल्या बाईकडे मुद्दाम न बघता, फक्त काठाकाठानं टेप धरत तिनं मापं घेतली आणि विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिली. मग बाल्कनीत चटई पसरली, दोन पाट उलटे घातले, त्यावर साचा ठेवला आणि पहिल्या पट्टीवर करवत टेकवली. पहिल्यांदा दाबली. करवत अडली, किंचाळली, उडाली. रघूचं बोलणं आठवून हात सैल सोडला, आणि अहो आश्चर्य, ती निघाली. खरंच आपली आपण निघाली. पिवळा भुसा उडून गाऊनवर पडायला लागला, फणसाच्या लाकडाचा तो कोरडा गोडसर वास, पिकल्या गऱ्याचा नव्हे, गरा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी बोटांना येतो तसा, नाकात शिरला, आणि मालिनीला एकदम हसू आलं. एवढी वर्षं आपण काय करत होतो? लोकांनी लिहिलेल्या कागदांवर शिक्के मारत होतो. शिक्का मारला की कागद निघून जायचा, कुठं जायचा कोण जाणे. ही पट्टी मात्र कुठंही जात नव्हती. कापली की कापलेली राहात होती. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या, समोरच्या कंपाउंडातल्या कलमी आंब्याला मोहोराचे पहिले तुरळक तुरे आले होते, शेजारची मथुरा कपडे वाळत घालता घालता विचारून गेली, ‘‘काय हो वहिनी, सुतारकाम?’’ आणि मालिनीनं मान वर न करता, अगदी तालेवार मिस्त्रीसारखं, ‘‘हं’’ एवढंच म्हटलं. खांदा भरून आला होता, तळहात लाल झाले होते आणि आयुष्यात असं सुख तिनं फार थोड्या वेळा अनुभवलं होतं. हातालाही एक डोकं असतं, तिला वाटलं. ते कुठं ठेवलं होतं आपण इतके दिवस?

आईनं तिला शिवण शिकवलं ते केळशीच्या ओटीवर, सुपारीच्या ढिगाशेजारी बसून. मालिनी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. आई बोलायची फार थोडं. कापडावर खडूची रेघ ओढायची आणि मालिनीचा हात धरून त्या रेघेच्या बाहेरून कात्री फिरवायची. नेहमी बाहेरून. आतून फिरली की हातावर चापट. तिचा हात उबदार असायचा, अंगठ्याला सुईनं पडलेली बारीक छिद्रं आणि त्यांचा खरखरीतपणा. आणि अगदी शेवटी, जेव्हा तिला कोणाचंच नाव येत नव्हतं, तेव्हाही चादर हाती दिली की ती तिची कड अर्धा इंच दुमडायची आणि नखानं दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. दिवसभर. मालिनी तिच्याजवळ बसायची आणि त्या चालणाऱ्या नखाकडे बघत राहायची, आणि तिला भीती वाटायची. आज करवतीखालून भुसा उडत असताना तीच आठवण आली आणि भीती काही आली नाही. नुसतं नख आलं, ऊन आलं, सुपारीचा वास आला. मालिनीनं घाम पुसला आणि दुसरी पट्टी घेतली.

संध्याकाळी चार वाजता चारही पट्ट्या बाल्कनीच्या फरशीवर मांडून तिनं कोपरे जुळवले. पहिला जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्याला जरा घासावं लागलं. चौथा असा बसला की तिनं डोक्यातला एक केस ओढून त्या सांध्यात घालून पाहिला. जाईना. ‘‘अहो!’’ तिनं हाक मारली. ‘‘अहो, इकडे या आधी!’’ भास्कर चष्मा कपाळावर चढवून आला, गुडघे कुरकुरत खाली बसला, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, आणि एकदा तरी काहीतरी चिमटा काढील म्हणून ती वाट पाहत असताना म्हणाला, ‘‘मालू, हे फार सुंदर झालंय.’’ बस्स. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. पैज जिंकली होती. डोकं ठिकाणावर होतं. आता या आनंदात तिथंच थांबली असती तरी चाललं असतं, पण आनंद झालेला माणूस कधी थांबतो का? ‘‘चला, धरून बघू,’’ ती म्हणाली. पट्ट्या तिनं चिकटपट्टीनं तात्पुरत्या जोडल्या, दोघांनी ती चौकट उचलून बाथरूममध्ये नेली आणि आरशावर धरली. चौकट मोठी होती. चारही बाजूंनी. काच आणि लाकूड यांच्यात करंगळी जाईल एवढी फट, आणि त्या फटीतून नव्या लाद्या पांढऱ्याशुभ्र हसत होत्या.

भास्कर म्हणाला, ‘‘थोडी मोठी झाली वाटतं.’’  मालिनीनं चौकट खाली ठेवली, टेप आणली, खाचेच्या कडेनं पट्टी मोजली. सदतीस. आरसा मोजला. छत्तीस. दुसरी पट्टी पंचवीस, आरसा चोवीस. एकदा चुकलं असतं तर समजण्यासारखं होतं. चार वेळा, चार पट्ट्यांना, तीच चूक, आणि कापताना मनाला साधी शंकाही नाही! पार्सलच्या काट्यावर तिच्या हातून कधी गुंजेचा फरक पडला नव्हता. आणि आज छत्तीसला सदतीस म्हणून ती दिवसभर गाणं गुणगुणत कापत बसली होती. स्टूलवर ती मटकन बसली.  म्हणजे हे असं येतं तर. आनंदात असताना येतं. आपल्याला वाटत असतं की आज किती छान चाललंय, आणि आतून एकेक इंच सुटत असतो. आईलाही आरशापुढे उभं असताना छानच वाटत असेल. ‘‘अगो, पांढरीफटक काय पडलीस?’’ भास्कर म्हणत होता. ‘‘मोठीच झाल्ये ना? लहान झाली असती तर लाकूड वाया गेलं असतं. कागद कुठाय तुझा मापाचा?’’ तिनं गाऊनच्या खिशातून बिल काढून त्याच्याकडे न बघता पुढे केलं. आता हाही बघणार. आता कळणार याला.

भास्करनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. बराच वेळ कागद न्याहाळला. मास्तर होता तो, मुलांच्या चुका नुसत्या खोडून त्याचं समाधान होत नसे, ती चूक कुठून आली ते शोधल्याशिवाय पेपर खाली ठेवत नसे. ‘‘लिहिलंयस बरोबर,’’ तो म्हणाला. ‘‘चोवीस. छत्तीस. पण पुढे हे अधिक एक काय आहे?’’ ‘‘कुठं?’’ ‘‘हे काय. चोवीस अधिक एक. छत्तीस अधिक एक. दोन्हीकडे आहे.’’ मालिनीनं कागद ओढून घेतला. तिचंच अक्षर. अधिकाची बारीक खूण, आणि पुढे एक. तिनं ती लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं, पण बघता क्षणी तिला कळलं, आणि तोंडातून आपोआप आलं, ‘‘शिवणीचं.’’ ‘‘काय?’’ ‘‘शिवणीचं. अर्धा इंच या बाजूनं, अर्धा त्या. शिवणीत जातं ना.’’  भास्करनं फार गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ‘‘म्हणजे या आरशाला तू टीप मारणार होतीस?’’ आणि मालिनी फुटली. स्टूलवरून खाली घसरेपर्यंत हसली. फणसाच्या लाकडाला शिवणीचं माप! चार वेळा! ‘‘टक्स घालायचे राहिले,’’ ती म्हणाली, आणि भास्कर म्हणाला, ‘‘आणि मागून हूक,’’ आणि मग दोघंही बेसिनला धरून हसत राहिली. मथुरेनं पलीकडून भिंतीवर टकटक करून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं, तरी हसणं थांबेना.

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी उठून तिनं प्रत्येक पट्टीच्या एकाच टोकाचा एकेक इंच उतरवला, चार काप, आणि काप घेताना तिला राहून राहून हसू येत होतं. विसरली नव्हती ती. उलट इतकं पक्कं लक्षात होतं की डोक्याला न विचारता हातानंच लिहून टाकलं होतं. एकोणपन्नास वर्षांपूर्वी आईनं हात धरून रेघेच्या बाहेरून फिरवला, तो अजून बाहेरूनच फिरत होता. ते चार एकेक इंचाचे तुकडे तिनं केरात टाकले आणि पट्ट्या घासायला घेतल्या. एकदा नुसत्या काचेपुढे धरून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की खाचेची आतली कच्ची बाजूसुद्धा आरशात दिसते. आपण आपले पुढूनच बघतो, पण काच मागची बाजूही दाखवते. म्हणून तिनं पॉलिश पाठीलाही लावलं. साधं दुकानातलं पॉलिश. मासे वाचले. दोन हात दिले, वाळवले, आणि शनिवारी सकाळी कोपरे शेवटचे एकदा घासून, चौकट जोडून, मागून सिलिकॉनची नळी फिरवून दोघांनी ती आरशाभोवती दाबून बसवली. दुकानदारानं बजावलं होतं, चिकटपट्टी लावली तरी पहिला अर्धा तास हातानं धरून ठेवा, नाहीतर लाकूड जड आहे, घसरेल. म्हणून भास्कर वरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून उभा राहिला, आणि त्याच्या हातांखालून, स्टूलवर बसून, मालिनीनं खालची पट्टी धरली. हलायचं नाही. बोलण्याशिवाय करण्यासारखं काही नाही. समोर आरसा, त्याच्याभोवती पिवळी तुकतुकीत कड, आणि कडेच्या आत एक म्हातारा हात वर करून उभा, एक बाई खाली बसलेली.

‘‘शरण आल्यासारखा दिसतोय मी,’’ भास्कर म्हणाला. मालिनी हसली. आरशातली बाईही हसली, आणि तिच्याकडे बघत, भास्करकडे न बघता, मालिनीनं सांगायला सुरुवात केली. मंगळवारचं सगळं सांगितलं. वाट दिल्याचं, लेंग्याचं, शंभरातून सात काढल्याचं, पैजेचं. भास्कर आरशात तिच्याकडे पाहत राहिला. एकदा त्याचा हात खाली यायला लागला तशी ती म्हणाली, ‘‘धरा, घसरेल,’’ आणि त्यानं पुन्हा धरला. ‘‘मला हे कधी बोलायचं नव्हतं कोणाशी,’’ ती म्हणाली. ‘‘आईचं. तुम्हाला वाटतं, आई विसरायला लागली त्याची मला भीती वाटते. ती वाटतेच हो. पण त्याहून दुसरं आहे. आई त्या आरशातल्या बाईवर फार खूश होती. कधी नव्हे ते कोणीतरी तिच्याकडे निवांत येऊन बसलं होतं. रोज दुपारी तिला चहा लागायचा त्या बाईसाठी. दोन कप. एक स्वतः प्यायची आणि एक आरशापुढे ठेवायची. मी रजा काढून गेले होते तेव्हा. मला लाज वाटली. येणारे-जाणारे बघायचे, हसायचे. मी दोन दिवस आरशावर चादर टाकली, तिनं काढली. तिसऱ्या दिवशी मी आरसाच उतरवला आणि माळ्यावर नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवला. मला वाटलं, बरं होईल तिला.’’ तिनं खालची पट्टी आणखी घट्ट दाबली. ‘‘दुपारी आई कप घेऊन आली. रिकाम्या भिंतीपुढे उभी राहिली. मला म्हणाली, ‘गेल्या का हो त्या? न सांगता गेल्या?’ मी म्हटलं, आई, कोणी नव्हतंच. झालं. त्यानंतर ती चादरीची कड दुमडत बसायला लागली. दुसरं कोणी आलंच नाही तिच्याकडे. मीसुद्धा तिच्यासाठी ‘अहो, तुम्ही’च होते, पण मी काही ती बाई नव्हते.’’

बाहेर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. भास्करनं पट्टी जागची हलू दिली नव्हती. मालिनीला एकदम हलकं वाटलं, इतकं हलकं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. चौदा वर्षं हे आत होतं आणि बाहेर यायला अर्धा तास पुरला. ‘‘मला होईल की नाही ते माहीत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टरकडे जाऊ या, सोमवारी जाऊ. अवनीला सांगा हवं तर. मला आता त्याचं काही वाटत नाही. पण झालंच, तर एक करायचं. हा आरसा काढायचा नाही. लोक हसले तरी नाही, अवनी म्हणाली तरी नाही. कोणी नाहीये तिथं, असंही मला सांगायचं नाही. कबूल?’’

 भास्करनं एकदा नाक ओढलं. हात गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात. गालावरून एक थेंब मिशीपर्यंत आला, तो त्यानं तसाच येऊ दिला. मग आरशातून, थेट तिच्या डोळ्यांत बघत, वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारावं तसं त्यानं विचारलं, ‘‘त्या बाईंना साखर किती लागते चहात? आधीच सांगून ठेव. मला ऐन वेळी धांदल नको.’’

मालिनीनं समोर पाहिलं. ती बाई रडत होती आणि हसत होती, आणि तिच्या केसांत भुसा होता.

‘‘माझ्याएवढीच,’’ मालिनी म्हणाली. ‘‘दीड चमचा.’’